दाराची कडी

लग्नाला वर्ष झालं तरी पुनमजवळ गेलं की सुदर्शनचं अंग गार पडायचं. हकिमाच्या पुड्या झाल्या, लातूरच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. फरक मेला कशाचा पडतोय! शेवटी नांदेडच्या समुपदेशक बाईंनी औषधं बाजूला सारून दोघांनाही समोर बसवलं.

“भीती कशाची वाटते?”

“दाराची,” सुदर्शन पुटपुटला. “ही मला कडी लावू देत न्हाई. शेजारच्या खोलीत कोचिंगची पोरं भाड्यानं राहतात. सगळं ध्यान दाराकडंच ऱ्हातंय.”

बाई पुनमकडे वळल्या.

“भूकंपात आईला कडी काढता आली न्हाई,” पुनम म्हणाली. “मी लहान होते, खिडकीतून सुटले.”

कडी का नको, हे सुदर्शननं एकदाही विचारलं नव्हतं. औषधं मात्र वर्षभर निमूट गिळली होती.