मागून म्हणणारी

ज्ञानेश्वरीने गिझर बंद केला, इस्त्रीची वायर काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंच्या मिक्सरचंही बटण खाली केलं.

"अगं, वाटण अर्धंच झालंय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, थोडा वेळ थांबा. मेन स्विच पडला तर कॉम्प्युटर कायमचा जाईल."

"तुझ्या त्या डब्यापायी घरात वाटण वाटायची चोरी झालीय," सासूबाई पुटपुटल्या, पण त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं.

ज्ञानेश्वरी आतल्या खोलीत आली. कोपरखैरण्याच्या त्या फ्लॅटमधली ही सगळ्यात लहान खोली. भिंतींना फोम चिकटवून तिने तिचा स्टुडिओ केला होता. एरवी इथे बसून ती जाहिरातींसाठी आणि बोलत्या पुस्तकांसाठी आवाज द्यायची. गेले काही दिवस मात्र माइकसमोर तिच्या आजेसासू बसत होत्या. वेणूबाई म्हणजे बोनकोड्याच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जे धवले गातात, ते त्यांच्या गावच्या चालीत सगळेच्या सगळे आता या एका म्हातारीच्या गळ्यात उरले होते. आणि नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. उद्या सकाळी वाशीला ऑपरेशन होतं. जिवाला धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. हळद रेकॉर्ड झाली होती, मांडव झाला होता, लग्न लागलं होतं. पाठवणी तेवढी अर्धी राहिली होती.

अशा वेळी कॉम्प्युटर अडून बसला. आवाज मध्येच तुटायचा, शब्दांचे तुकडे पडायचे. तुटू नये म्हणून ज्ञानेश्वरीने यंत्राला जरा सावकाश घ्यायला लावलं, तर वेणूबाईंना हेडफोनमध्ये आवाज उशिरा ऐकू यायला लागला. यांची ओळ संपायची आणि मग मागून ती परत यायची. शिवाय तुटायचं पूर्ण थांबलं नाहीच. एकेक ओळ पुन्हापुन्हा गाऊन घ्यावी लागे, आणि दुखऱ्या गळ्याने म्हातारी बिचारी गाई. ज्ञानेश्वरीला पाहवत नव्हतं. तिने वायरी बदलल्या, माइक बदलला, सगळं मुसळ केरात. शेवटी वाशीच्या अरमानला फोन केला. तिचा कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला होता.

"मदरबोर्डचाच लोचा आहे, मॅडम," अरमान म्हणाला होता. "कंपनीने नवीन फर्मवेअर काढलंय. म्हणजे बोर्डाच्या पोटातला प्रोग्राम. तो टाका, आवाज मागून येतो तो लॅग जाईल. फक्त टाकताना लाइट जाता कामा नये. आणि एक ऐकून ठेवा, या बोर्डावर नवीन चढलं की जुनं परत चढत नाय. मग मला बोलू नका."

"जुनं हवंय कोणाला?" ती हसली होती.

आता तिने पेन ड्राइव्ह लावला आणि होकाराचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. खाली सूचना होती, काम पूर्ण होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका. बाजूच्या खुर्चीत वेणूबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या, गळ्याला मफलर गुंडाळून.

"काय करतंस गो?"

"तो आवाज उशिरा येतो ना आजी, तो दुरुस्त करतेय. आता तुम्ही गायलात की लगेच ऐकू येईल. मागून नाही येणार."

वेणूबाईंचा हात मफलरवर थांबला.

"मागशी नाय येनार?"

"नाही."

"मंग मालती?"

मालतीबाई म्हणजे वेणूबाईंची जाऊ. दोघी जोडीने गावाची लग्नं गायच्या. वेणूबाईंनी ओळ म्हणायची, मालतीबाईंनी ती मागून धरायची. त्यांना जाऊन किती वर्षं लोटली. ज्ञानेश्वरीने त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं होतं.

"आजी, तो तुमचाच आवाज आहे. यंत्रात अडकतो आणि उशिरा बाहेर पडतो, एवढंच."

"माजा गला मना ठावं नाय?" वेणूबाई शांतपणे म्हणाल्या. "ती मागशी धरते, आनि पुरचा सबूद हलूच सांगते. पयल्यापासून सवय हाय तिची."

उद्या ऑपरेशन, म्हातारं माणूस, डोळ्याला डोळा नाही. ज्ञानेश्वरीने वाद घातला नाही. पण तिला आठवलं, गेले काही दिवस प्रत्येक ओळ झाली की वेणूबाई मान कलती करून थांबायच्या, कोणी काही सांगितल्यासारखी मान हलवायच्या आणि मगच पुढची ओळ उचलायच्या. आवाज उशिरा येतो म्हणून थांबत असतील, असं ती धरून चालली होती. तिच्या अंगावर काटा आला. मग स्वतःचाच राग आला. शिकल्यासवरल्या बाईने काय हे मनात आणावं? तरी तिची नजर पडद्यावर गेलीच. पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकली होती आणि मध्येच थांबवायची सोय नव्हती.

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तिने माइकसमोर चुटकी वाजवली. चुटकी जिथल्या तिथे कानात वाजली, तुटली नाही, रेंगाळली नाही. अरमानचं म्हणणं खरं ठरलं होतं. तिला इतका आनंद झाला की तिने वेणूबाईंचा हातच धरला.

"चला आजी. आता एका बैठकीत पाठवणी पुरी."

वेणूबाईंनी हेडफोन चढवला आणि खोल श्वास घेतला.

"उंबऱ्याभायेर पाय टाक गो बाय, मागं बगू नको…"

आवाज कसा लख्ख आला. वेणूबाईंनी मान कलती केली आणि थांबल्या. थांबूनच राहिल्या. मग त्यांनी तीच ओळ परत म्हटली, तशीच मान कलती केली.

"पुरं काय?" त्यांनी पुढची ओळ विचारली. ते ज्ञानेश्वरीला विचारलेलं नव्हतं.

ज्ञानेश्वरीने त्यांना आठवावं म्हणून कालचा भाग स्पीकरवर लावला. अर्धी पाठवणी खोलीत घुमू लागली. मिक्सर सुरू करू का, हे विचारायला आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या.

"कोण म्हणतंय हे?"

"आजीच. कालचं आहे."

"छे गं. पाठवणी यांना कुठे येते? माझ्या लग्नातसुद्धा पाठवणीला मालतीकाकी पुढे झाल्या होत्या. नेहमी त्याच म्हणायच्या, या नुसती साथ द्यायच्या." त्या वेणूबाईंकडे वळल्या. "होय ना हो, आई?"

"खरा हाय," वेणूबाई म्हणाल्या. "पाठवनी तिची. माजे तोंडात कदी बसलीच नाय."

पदर खांद्यावर ओढून घेत सासूबाई स्वयंपाकघरात परतल्या.

जन्मभर कानावर पडलेलं कुठेतरी मनात राहिलं असेल, ज्ञानेश्वरीने स्वतःला समजावलं. तिने आवाज मुद्दाम उशिरा यायला लावला, काल येत होता अगदी तेवढ्याच उशिराने. वेणूबाईंनी ओळ म्हटली, ऐकली आणि मान हलवली.

"हा माजाच हाय."

मग ज्ञानेश्वरीने जे केलं ते शुद्धीवर असलेल्या माणसाने करू नये. तिने जुनं फर्मवेअर शोधलं, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि ते बोर्डावर चढवायला बसली. बोर्डाने नकार दिला. तिने पुन्हा दिलं, बोर्डाने पुन्हा नाकारलं. तिने अरमानला फोन लावला.

"बोललो होतो ना मॅडम, मागे जाता येत नाय. का? लॅग नाही गेला?"

"गेला."

"मग टेन्शन कसलं?"

तिने फोन ठेवला आणि तिला रडू फुटलं. आपण नको तिथे हात घातला, आता सगळ्या गावाची पाठवणी अर्धीच राहणार, या विचाराने ती हुंदके देत राहिली.

वेणूबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्या उठल्या आणि नातसुनेच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"कशाला कष्टी होतंस गो? रात्री निजताना घोकीत बसू नको. उद्या भेटंलच ती मना."

"उद्या ऑपरेशन आहे, आजी."

"तंच सांगतंय." त्यांचा हात पाठीवर तसाच फिरत होता. "मना निजवतील, तवा ती येईल. मंग दोगी मिलून पुरी करू. आनि तो डाक्टर हाय ना, त्याला यातला काय सांगू नको. घाबरंल बिचारा."