लाल चौकटीतल्या शुभेच्छा

तुम्ही कुठल्या गावचे, काय खाता, किती वाजता घरी येता, हे सगळं आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावातले घरमालक एक वेळ चालवून घेतील. गळ्यात कंपनीचं कार्ड नसेल तर मात्र नाही. माझं कार्ड मार्चमध्ये गेलं. कंपनीनं अकरा मिनिटांच्या एका मीटिंगमध्ये चाळीस जणांना घरी बसवलं आणि त्या चाळिसात मी होते: उत्कर्षा, गाव जिंतूर, काम वेबसाइटचा दर्शनी भाग बनवणं. मे महिन्यात माझ्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपत होता. नवा करायचा तर कार्ड दाखवा. खोली गेली की जिंतूर, आणि जिंतूरला गेलं की सेलूचं ते खताच्या दुकानाचं स्थळ. आई सहा महिने त्यांना 'पोरगी जरा कामात आहे' म्हणून थोपवून धरत होती. माणूस वाईट नाही हो तो. पण मला लग्नच करायचं नव्हतं, आणि ते न करण्यासाठी माझ्याजवळ एक दहा बाय बाराची खोली सोडली तर दुसरं काही नव्हतं.

आमचे घरमालक हैबतराव. जिथं त्यांच्या वडिलांनी भात लावला तिथं आता तीन इमारती आणि ब्याण्णव खोल्या आहेत. हैबतराव सकाळी सातला पांढरे कपडे घालून पार्किंगमध्ये खुर्ची टाकतात आणि कोण किती वाजता कामाला निघालं ते बघतात. भाडेकरूंसाठी त्यांनी वेबसाइटही करून घेतली होती. तक्रार तिथंच लिहायची, नोटिसा तिथंच वाचायच्या. पार्किंगच्या गेटचा कोड रोज सकाळी बदलायचा आणि तोही तिथंच मिळायचा. त्यामुळे दात घासायचे राहतील, पण साइट उघडल्याशिवाय कुणी बाहेर पडूच शकत नव्हतं.

मी घरी बसून आहे हे त्यांना आठवडाभरात कळलं. बोलावून घेतलं. ओरडले वगैरे नाहीत. साइटवरच्या नोटिसा मेल्यासारख्या दिसतात, त्या जरा झ्याक करून दे, असं म्हणाले. कार्डाचं विचारलं तर म्हणाले, "तू काम तर कर. कार्डाचं बगू मग."

'बगू' या शब्दावर मी दोन दिवस राबले, आणि मन लावून राबले. चार प्रकारच्या चौकटी केल्या. साध्या माहितीला निळी, काम झालं की हिरवी, जपून राहा म्हणायला पिवळी, आणि खरोखर धोका असेल तर लाल. गोलसर कोपरे, डाव्या बाजूला छोटंसं चित्र, उजव्या कोपऱ्यात बंद करायची फुली. मला स्वतःलाच बघत बसावंसं वाटेल इतकं नेटकं काम झालं होतं.

हैबतरावांनी चारही चौकटी बघितल्या आणि यातली सगळ्यात मोठी कुठली, असं विचारलं. मी म्हटलं, मोठी अशी कुठली नाही, पण लाल आली की माणसानं हातातलं काम टाकून वाचायचं असतं. झालं. शुक्रवारी त्यांचा वाढदिवस होता, तो लाल चौकटीत टाक म्हणाले. मी समजावलं की लाल म्हणजे धोका. ते म्हणाले, लाल म्हणजे मान, आणि मला शिकवू नकोस. गॉगल लावलेला फोटो आला, फोटोखाली चौदा शुभेच्छुक आले. चौकट आडवी मावेना म्हणून उभी केली, उभी मावेना म्हणून पूर्ण पडदाभर केली.

मग त्यांचं लक्ष फुलीकडे गेलं. "माज्या तोंडावर फुली मारून लोक मला बंद करनार व्हय?" मी कपाळावर हात मारला, पण मनातल्या मनात. फुली काढली. पण मग चौकट बंद कशी होणार? तोडगा त्यांनीच काढला. खाली 'हार्दिक शुभेच्छा' असं बटण टाकायचं. ते दाबलं की दाबणाऱ्याचं नाव आणि वेळ यादीत चढणार, चौकट बंद होणार, आणि मगच गेटचा कोड दिसणार. म्हणजे शुभेच्छा दिल्याशिवाय तुमची गाडी पार्किंगमधून हलणार नाही. हे बटण मी बनवलं. कबूल करते, माझ्याच हातांनी बनवलं, आणि बनवताना खोलीचा विचार करत होते.

एकदा लाल चौकट हैबतरावांना मिळाल्यावर बाकीचे काय निळ्यात बसणार होते? माले गावाहून त्यांचे मेव्हणे दयानंद यांचा फोन आला, त्यांचा वाढदिवसही लाल. मग मुलगा किशोर याची नवी गाडी लाल. किशोरच्या मुलीचं जावळ लाल. जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून जी माणसं तीन पिढ्या एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघतात, त्यांना मी पिवळी चौकट काय समजावणार, कपाळ? महिन्याभरात अकरा लाल नोटिसा लागल्या. त्यात धोका एकाही नोटिशीत नव्हता. भाडेकरू तर माझ्यापेक्षा हुशार निघाले. लाल दिसलं की अंगठा आपोआप खाली जायचा, बटण दाबलं जायचं, गाडी चालू. कुणाचा वाढदिवस होता हे त्यांना संध्याकाळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात प्लंबरनं जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. शेजारचा ड्रेनेजचा चेंबर तुंबून त्याचं पाणी टाकीत उतरत होतं. हैबतरावांनी लगेच स्वतःच्या घरात पाण्याचे जार मागवले. मग मला बोलावलं आणि निळ्या चौकटीत बारीक अक्षरात 'पाणी शक्यतो उकळून प्यावे' एवढंच टाकायला सांगितलं. ड्रेनेजचं नाव काढायचं नाही. लोक बिथरले आणि खोल्या सोडून शेजारच्या जांब्याला गेले तर?

मी म्हटलं, निदान ही एक तरी लाल टाकू द्या. ते थंडपणे म्हणाले, "लाल घरच्या मान्सांसाटी हाय. आन् तुजा करार या म्हयन्यात संपतुया, ध्यानात हाय न्हवं?"

होतं ना ध्यानात. रात्रभर तेवढंच होतं. निळ्यात टाकलं असतं तर खोली माझी होती, आणि त्याबद्दल मला कुणी कधी एका शब्दानं विचारलं नसतं. पण शेजारच्या खोलीत रेश्मा राहते, पोटुशी आहे, रोज त्याच टाकीचं पाणी पिते. सकाळी सहा वाजता मी उठले आणि लाल चौकट उघडली. 'टाकीचं पाणी पिऊ नका. ड्रेनेजचं पाणी मिसळलं आहे.' मोठ्ठ्या अक्षरात. टाकून मी तशीच बाणेरला मुलाखतीला पळाले. नोकरी मिळाली तर कार्ड मिळेल, कार्ड मिळालं तर खोली वाचेल, असा माझा हिशेब होता.

मुलाखतीच्या ठिकाणी फोन जमा करून घेतात. दिवसभर मी एकच वाट बघत होते, की फोन हातात येईल आणि त्यावर हैबतरावांचे वीस मिस्ड कॉल असतील. संध्याकाळी फोन मिळाला. एकही कॉल नव्हता. मी साइट उघडली. माझी नोटीस जागेवर होती, आणि खाली यादी होती. शहात्तर जणांनी हार्दिक शुभेच्छा दिल्या होत्या.

हो, ड्रेनेजच्या पाण्याला. बटण त्या लाल चौकटीचाच भाग होतं आणि ते काढायचं मी घाईत विसरले होते, आई शप्पत विसरले होते. लोकांनी लाल बघितलं, अंगठा मारला, कोड घेतला आणि निघून गेले. चौकट एकदा बंद झाली की त्या माणसाला पुन्हा दिसत नाही. वाचलं कुणीच नाही. मी रिक्षातूनच रेश्माला फोन लावला. तो तिच्या नवऱ्यानं उचलला. अनिमेष त्याचं नाव, आयटी पार्कच्या फेज तीनमध्ये टीम लीड आहे. रेश्माला दुपारपासून उलट्या होत होत्या आणि तो तिला घेऊन दवाखान्यात बसला होता. माणला पोचल्यावर मी एकेक दार वाजवत सुटले, पाणी पिऊ नका म्हणून सांगत. तोवर एकोणीस जण आजारी पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये भाडेकरूंची गर्दी जमली. हैबतराव खुर्चीतून उठून उभे राहिले. 'मी पोरीला नोटीस टाकायला सांगितली होती, तिनं टाकलीच नाही,' असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला असा राग आला की विचारू नका. मी पुढं झाले आणि फोन वर धरून नोटीस मोठ्यानं वाचली. ती सकाळी सहाला टाकली होती हे सांगितलं. ती कुणी वाचली, म्हणजे कुणी कुणी शुभेच्छा दिल्या, त्याची यादी माझ्याकडे आहे हेही सांगितलं. आणि पहिलं नाव वाचलं.

"हैबतराव. सकाळी सात वाजून बारा मिनिटं. हार्दिक शुभेच्छा."

सगळं पार्किंग हसलं. महिनाभर उठसूट अंगठा मारायला लावलेली माणसं होती ती, पोट धरून हसली. घरच्या जारचं पाणी पिऊन, याच खुर्चीत बसून, स्वतः न वाचता त्यांनी ड्रेनेजला शुभेच्छा दिल्या होत्या. हैबतरावांचा चेहरा उतरला. मी इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच खाली बघताना पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं की या पोरीला हात लावाल तर आम्ही सगळे खोल्या सोडू. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तेव्हा खोली माझी होती. करार, कार्ड, सेलू, सगळं मिटलं होतं.

तेवढ्यात अनिमेष बोलला. दवाखान्यात जागून आला होता, डोळे लाल झाले होते. "पण उत्कर्षा, ते बटण तूच बनवलंस ना? युजर वाचत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं."

युजर म्हणे! माझं डोकं सणकलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच सणकलं. मी यादीतलं दुसरं नाव वाचलं. मग तिसरं. कुणाला काही कळायच्या आत माझी पंधरा नावं वाचून झाली होती, वेळेसकट. हसणं थांबलं. मी नाही थांबले. बी विंगचा मनीष, सात पस्तीस. तळमजल्यावरची जान्हवी, सात एक्केचाळीस. ज्याचं नाव यायचं तो मोबाइलमध्ये तोंड घालायचा. खोल्या सोडू म्हणणाराही यादीत होता, एकतिसावा. एकोणचाळिसाव्या नावाला मी अनिमेषकडे बघितलं.

"अनिमेष. सात एकोणपन्नास. हार्दिक शुभेच्छा. त्यानंतर रेश्मा टाकीचंच पाणी प्याली असेल ना?"

तो वळला आणि जिन्यानं वर गेला. मग एकेक जण निघाला, कुणाला ऑफिसात स्टँडअप मीटिंग होती, कुणाला गाडीला किक मारायची घाई झाली. मी शहात्तरावं नाव वाचलं तेव्हा पार्किंगमध्ये हैबतराव, मी आणि प्लंबर एवढेच उरलो होतो. हैबतरावांनी आजूबाजूला नीट बघून घेतलं. मग खुर्चीत बसले, पाय ताणले आणि म्हणाले, "रविवारपत्तूर खोली मोकळी कर."

रविवारी मी गादी गुंडाळली. बाणेरच्या मुलाखतीचं उत्तर आलं नव्हतं. मजल्यावर सोळा दारं आहेत, सगळी आतून बंद होती, आणि आतून टीव्हीचे आवाज येत होते. रेश्मा घरी आली होती, तिचं आणि बाळाचं ठीक आहे असं मला खालच्या वॉचमनकडून कळलं. तिचं दारही उघडलं नाही. मी दोन फेऱ्यांत सामान खाली आणलं आणि आईला फोन करून येतेय म्हणून सांगितलं. तिनं का म्हणून विचारलं नाही. रात्रीच्या गाडीला किती वाजता बसणार एवढंच विचारलं, आणि सेलूच्या लोकांना बुधवारी बोलावते म्हणाली.

किल्ली घ्यायला हैबतरावांच्या पत्नी चंद्राबाई आल्या. अकरा महिन्यांत माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. किल्ली कनवटीला खोचली, माझ्या गादीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "पैलंच नाव वाचून गप बसायचं व्हतं गं, बाय."

मी हो म्हटलं आणि रिक्षाला हात केला.