मागच्या बाकांचा तह

व्हर्सायचा तह नुसता वाचून दाखवला की पोरं झोपतात, म्हणून अड्याळकडच्या त्या शाळेत लिलाधर सरांनी तो खेळूनच दाखवायचं ठरवलं.

"मागचे दोन बाक जर्मनी. युद्ध हरले. बाकीचे जिंकले. हरलेल्यांनी दाराबाहेर थांबायचं, अटी आत ठरतील. व्हर्सायलाही त्यांना कुणी विचारलं नव्हतं."

पाच पोरं मुकाट्यानं बाहेर गेली. जिंकलेल्यांचा म्होरक्या झाला अमर. घरी धानाची मोठी शेती, आवाजही तसाच. आधी पुस्तकातल्या अटी फळ्यावर चढल्या. मुलूख द्यायचा, सैन्य घटवायचं, युद्धाचा सगळा दोष कबूल करायचा. सर खुशीत होते.

"सर, आपल्या मनच्या अटी टाकू का?" अमरनं विचारलं.

"टाका की."

"हरलेल्यायनं माठाले हात लावाचा नाही. पाणी आमी वरून ओतू."

वर्ग फिदीफिदी हसला. पुढच्या बाकावरची टीना म्हणाली, "डबा बाहेर बसून खाचा. मासोळीचा वास येते."

सरांना शिसारी आली. बाहेरची पाचही पोरं ढिवरटोलीची होती, तलावात मासोळी धरणाऱ्या घरांची. अख्खं वर्ष शिकवून हे आपल्याला आज दिसावं?

"बस झालं! पुसा ते!"

तेवढ्यात बाहेरच्या पाचांतली दामिनी दारातून आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. खडू उचलून तिनं अटींखाली आपलं नाव लिहिलं.

"काहून सही केली तू?" सर ओरडले.

"नाही करून काय होते, सर? माठाले आमी तसाबी हात लावत नाही."

सरांनी स्वतःच फळा पुसला. मग दामिनीच्या हाती गडवा देऊन सगळ्यांसमोर माठातलं पाणी घ्यायला लावलं आणि तिच्याकडून मागून स्वतः प्यायले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकांवरच्या प्रत्येक दप्तरात घरून भरून आणलेली बाटली होती. अमरचे आजोबा पुंडलिकराव व्हरांड्यात सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत उभे होते. "पोरायचा खेळ होता, सर," ते हसत म्हणाले, "तुमी कायले मनावर घेऊन राहिले?" आणि भिंतीच्या कडेला थुंकले.

सर वर्गात शिरले आणि मागचे दोन्ही बाक उचलून सगळ्यांच्या पुढं मांडायला लावले. दामिनी मान खाली घालून बसली. तिच्या मागं टीनानं ओढणी नाकाला लावली.