हाफ-क्लच मास्तर चालत निघाले

मास्तरांनी शहरापर्यंत चालत जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत आधी हसली ती त्यांची बायको. आणि हसली म्हणजे अशी, की हातातली वाटी खाली ठेवावी लागली.

"शहाण्णव किलोमीटर? तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढणारा माणूस तुम्ही! मागच्या महिन्यात समोरच्या काकूंकडे शिडी मागायला गेलात, तेही गाडीने."

"शिडी टपावर टाकून आणायची होती."

"आणली का? काकूंनीच आणून दिली शेवटी. खांद्यावरून."

एकोणतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस. सकाळी सहापासून शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक, मांडीवर घाम पुसायचा रुमाल. चालणं म्हणजे दारापासून गाडीपर्यंत, बस्स. पोट त्यांच्या दोन पावलं पुढे असायचं. गावात त्यांना सगळे हाफ-क्लच मास्तर म्हणायचे. ते का, हे सांगेन पुढे. आधी चालण्याचं कारण ऐका.

मास्तरीणबाईंना तीन वर्षांपासून डायलिसिस लागायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. यंत्र शहरात. सकाळी साडेसातला निघायचं, अकराची खुर्ची गाठायची, चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि दिवे लागल्यावर घरी पोचायचं. आता संताप येईल अशी गोष्ट सांगतो. अगदी तसलंच यंत्र गावच्या इस्पितळात चौदा महिन्यांपूर्वी येऊन पडलेलं होतं. कोरं करकरीत. पण ते चालवायला टेक्निशियनच नेमला नव्हता, म्हणून यंत्र आपलं खोक्यात. अर्जांवर अर्ज गेले. शहरातल्या आरोग्य संचालकांकडून दर वेळी एकच उत्तर यायचं, "प्रकरण विचाराधीन आहे." गावात असे तेरा पेशंट, आणि साहेबांचा विचार काही संपेना.

तरीही मास्तर मुकाट्याने गाडी चालवत राहिले असते. पण एका बुधवारी परत येताना मास्तरीणबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, भाजी कुठली करू असं विचारावं तशा सहज, "पुढच्या महिन्यापासून मी दोनदाच येणार हं. बुधवार बंद. झेपत नाही हो हा रस्ता."

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, तीनचे दोन केलेत तर शरीर फार दिवस साथ देणार नाही. मास्तरांनी गाडी कडेला घेतली. भांडले, विनवण्या केल्या, तिच्या आईची शपथसुद्धा घातली. "आईला मधे आणू नका, तिला गाडी लागायची," असं म्हणून ती झोपली. मास्तर मात्र स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. शिकाऊ माणसांनी त्यांना ट्रकसमोर, खांबासमोर, एकदा तर थेट म्हशीसमोर नेऊन उभं केलं होतं, पण इतकी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती.

म्हणून हे चालणं. जो रस्ता तेरा माणसं आठवड्यातून तीनदा कापतात तो पायी कापायचा, जाऊन संचालकांच्या दारात उभं राहायचं, म्हणजे निदान अंतर किती ते तरी साहेबांना कळेल. पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार. पेंटरने पाठीवर बांधायला पत्र्याची पाटी रंगवून दिली, लांबून वाचता येईल अशा लाल अक्षरांत: 'यंत्र आलं. आता माणूस द्या.'

"ते सगळं ठीक," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण त्या पाच दिवसांत मला कोण नेणार?"

"बाळ्या."

हसणं तिथेच थांबलं. बाळ्या म्हणजे मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ, वय वर्षं पन्नास. मास्तरांच्या स्कूलमधून दोनदा नापास झालेला तो एकटाच. शेवटी कुठल्या तरी दुसऱ्या स्कूलमधून त्याने लायसन्स मिळवलं, आणि त्या स्कूलचं नाव काढलं की मास्तर अजूनही उठून आत जातात. नाचता येईना अंगण वाकडं, तसा बाळ्याच्या मते प्रत्येक गाडीचा क्लचच बिघडलेला असायचा. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय?

सोमवारी चौथ्या किलोमीटरला मास्तरांना शोध लागला की हा रस्ता चढणीचा आहे. गाडीतून तो जन्मभर सपाट होता. दहाव्याला बूट चावायला लागले. बाराव्याला त्यांनी स्वतःला दोन शिव्या घातल्या, आणि तेवढ्यात मागून त्यांचीच गाडी हिसके देत आली. काच खाली झाली.

"काय मास्तर, कितव्या गिअरमध्ये?" बायकोने विचारलं. "पाणी प्या. टोपी सरळ करा. बाळ्या, तू थांबू नकोस रे बाबा, बंद पडली तर पुन्हा चालू व्हायची नाही."

संध्याकाळी गाडी परत जाताना दिसली, तेव्हा काच बंद होती. काचेला गाल टेकून ती झोपली होती, तोंड किंचित उघडं. मास्तर गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. तीन वर्षं तेच तिला आणत होते, पण आरशात त्यांना फक्त तिचं कपाळ दिसायचं. इतकी दमलेली ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

रस्ताभर जुने शिष्य भेटत होते. कोणी टेम्पो थांबवायचा, कोणी रिक्षा. "मास्तर, बसा ना, सोडतो!" मास्तर म्हणायचे, "अरे गाढवा, बसायचं असतं तर निघालो कशाला असतो?" मुक्काम कोणा ना कोणा शिष्याच्या घरी व्हायचा आणि त्याची आई किंवा बायको मास्तरांचे पाय बघून हाय हाय करायची. बुधवारी मास्तरीणबाईंनी धावत्या गाडीतून फोडांवरचं मलम फेकलं. नेमका त्याच क्षणी बाळ्याने ब्रेक मारला, आणि मलम गेलं काटेरी झुडपात. ते काढायला गेलेल्या मास्तरांच्या हातालाही मग मलम लागलं.

असं रडतखडत गाडं शुक्रवारपर्यंत आलं, आणि आता ते हाफ-क्लचचं सांगायलाच हवं.

मास्तरांची शिकवायची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी मैदानात ते गाडीतून खाली उतरायचे, दहा पावलं पुढे जाऊन गाडीकडे पाठ करायचे आणि चालू लागायचे. शिकणाऱ्याने पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, मुंगीच्या पावलाने त्यांच्या मागून यायचं. हॉर्न वाजवायचा नाही. पुढे काढायची नाही. मास्तरांनी हात वर केला तरच बाजूने निघायचं. मास्तर स्वतः कधी वळून बघत नसत. "मी बघितलं, की त्याला वाटतं मी घाबरलो. मग तो घाबरतो, आणि मग खरंच घाबरायची पाळी येते," असं त्यांचं म्हणणं. गावातला एकूण एक ड्रायव्हर या पाठीमागे सरपटत शिकलेला.

शुक्रवारी सकाळी शहर बारा किलोमीटर राहिलं होतं. पाइप टाकायला रस्त्याच्या दोन्ही कडा खणून ठेवलेल्या, त्यामुळे मास्तरांना डांबरावरून चालावं लागलं. सव्वानऊच्या सुमाराला मागून दुधाचा टँकर आला. टँकरवाला मास्तरांचाच शिष्य. त्याला समोर ती ओळखीची पाठ दिसली आणि त्याचा पाय आपोआप क्लचवर गेला. मास्तरांनी हात वर केलेला नाही, म्हणजे मास्तरांच्या मनात काहीतरी असणार! त्याच्या मागे बस आली, तिचा चालकही शिष्यच. मग सिमेंटचा ट्रक. मग दौऱ्यावरून शहराकडे परतणारी एक काळी सरकारी गाडी, तिचा ड्रायव्हरही गावचाच. मग गाड्याच गाड्या.

मास्तरांना काय ऐकू येत नव्हतं? येत होतं की! पण पाठीमागे पहिल्या गिअरची घरघर हा तर त्यांच्या आयुष्याचा आवाज. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांना चालायला बरं वाटत होतं, पावलं जुळून आली होती, आणि सगळं ठीक चाललंय असा एक भलताच विश्वास मनात दाटला होता. तासभर ते तसेच तरंगत चालले. एकदासुद्धा मागे वळले नाहीत.

"हात वर करा!" मागून कोणीतरी ओरडलं.

मास्तर दचकले. भरदिवसा लुटतायत की काय? वळून बघतात तर कोट, टाय आणि मातीने माखलेले बूट घातलेला एक गृहस्थ धापा टाकत उभा. आणि त्याच्या मागे टँकर, बस, ट्रक, काळी गाडी आणि पार वळणापर्यंत टपांची रांग. एक हॉर्न नाही. सगळ्यांचं अंतर बरोबर दहा पावलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मास्तरांचा ऊर अभिमानाने भरून आला.

"माझा ड्रायव्हर म्हणतो, तुम्ही हात वर केल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही," गृहस्थ ओरडला. "मी त्याचा साहेब आहे की तुम्ही? तासभर वळणावळणावर तुमची ती पाटी वाचतोय! अकराला बैठक आहे माझी. अकराला पोचायचं असतं आणि रस्ता सरत नाही, म्हणजे काय होतं, कळतं तुम्हाला?"

"कसली बैठक?"

"आरोग्य खात्याची. संचालक आहे मी."

मास्तरांच्या खिशात अर्ज होता. पाच दिवस चालता चालता पाठ केलेलं भाषण होतं. त्यांनी खिशात हात घातला. आणि तेवढ्यात फोन वाजला. गाडीतली सवय, मास्तरांनी तो उचलला तो स्पीकरवरच.

"अहो," मास्तरीणबाईंचा आवाज आला, "तुमच्या रांगेत मी पाचवी आहे. बाळ्या सगळ्यांच्या शिव्या खात उलट्या बाजूने पुढे घुसला, आणि तुमची पाठ दिसल्यावर त्यालाही हाफ-क्लचची हौस आली. धूर निघतोय गाडीतून. क्लच जळाला."

"क्लच आधीपासूनच वाकडा होता!" मागून बाळ्या ओरडला.

"साडेदहा होत आले. माझी खुर्ची काही आता मिळत नाही. कोणाच्या तरी गाडीने मी घरी परत जाते. खरं सांगू? बरंच वाटतंय. कंटाळले हो मी."

"नको गं," मास्तर म्हणाले. "असं नको बोलूस. बुधवारी झालं ते झालं, आज चुकलं तर मधे शनिवार-रविवार आहे. सोमवारपर्यंत कशी काढशील? तू जा. मी पाठीवर नेतो तुला, पण जा." भर रस्त्यात, सगळ्या शिष्यांसमोर, ते रडायला लागले.

संचालकांनी एकदा मास्तरांच्या पायांकडे पाहिलं.

"पाचवी म्हणजे माझ्या मागचीच गाडी ना?" त्यांनी विचारलं, आणि टाय खांद्यावर टाकून ते उलट पळत सुटले.

मास्तरांनी हात वर केला. टँकर खड्ड्याच्या काठापर्यंत सरकला, बस सरकली, ट्रक सरकला, आणि काळी गाडी मधून निघाली. मागच्या सीटवर साहेब आणि त्यांच्या शेजारी मास्तरीणबाई. त्यांनी मास्तरांना खुणेने टोपी सरळ करायला सांगितली.

पुढचं सगळं काळ्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून कळलं. बाई दोन मिनिटांत झोपल्या. डोकं हळूहळू कलंडत साहेबांच्या खांद्यावर आलं. साहेब काठी गिळल्यासारखे ताठ बसले, वीस मिनिटं हलले नाहीत. त्यांचा फोन वाजून वाजून बंद झाला. ड्रायव्हरला एवढंच कुजबुजले, "खड्डे चुकव रे." अकराला पाच कमी असताना बाई खुर्चीत होत्या. मास्तर दीड वाजता लंगडत संचालकांच्या कचेरीत पोचले, तर साहेब अजून इस्पितळातून आलेच नव्हते. अर्ज खिशातच राहिला.

आता साहेब काही एकदम देवमाणूस झाले नाहीत. ऑर्डर निघायला नऊ दिवस लागले, आणि निघाली ती भलत्याच गावच्या नावाने. मग दुसरी निघाली. महिना सरता सरता टेक्निशियनबाई मात्र खरोखरच आल्या, आणि आल्या त्या दिवशीच खोकं फोडलं.

पहिल्या सोमवारी मास्तरीणबाई आठला गेल्या आणि साडेबाराला घरी आल्या. जेवल्या, तासभर पडल्या, आणि मग घरात इकडून तिकडे फिरायला लागल्या. मास्तर घाबरून मागे मागे.

"काय होतंय? चक्कर येतेय का?"

"नाही हो. किती वाजले?"

"अडीच."

"आणि आज सोमवारच ना?" खिडकीतून ऊन येऊन जमिनीवर पसरलं होतं. तिथे त्यांनी खुर्ची ओढली आणि पाय उन्हात सोडून बसल्या. "सोमवारी ऊन इथपर्यंत येतं होय? तीन वर्षं झाली, मी सोमवारची दुपार घरात पाहिली नव्हती."

मास्तर शेजारी जमिनीवर बसले.

"एवढ्या मोठ्या दुपारचं आता करू काय?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी तिच्या पायावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "ऐका, त्या टेक्निशियनबाईंना सांगून ठेवा. बुधवारची खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊ नका म्हणावं. बुधवारची दुपारसुद्धा मला हवी आहे."