दोन विमानतळांच्या मधला मुलगा

"ही सीट याहून मागे जात नाही? गुडघे काय डिकीत ठेवू?"

वर्षानं भेटलेल्या बहिणीशी दादाचं हे पहिलं वाक्य. मागे आई अंग चोरून बसली होती. तिच्या गुडघ्यांची चौकशी कोणी केली नाही.

आमच्या शहराला दोन विमानतळ आहेत. दादा परदेशातून नव्यावर उतरतो, जुन्यावरून उडतो आणि मधल्या रस्त्यापुरता आमच्या वाट्याला येतो. लोकांची मुलं घरी येतात. आमचे साहेब विमान बदलायला येतात. मी शिवणाचं दुकान बंद ठेवून गाडी काढते आणि आई सकाळपासून चपला घालून दाराशी बसते.

"अठ्ठेचाळीस किलोमीटर. पन्नास मिनिटं," दादा दरवर्षी सांगतो, जणू रस्ता त्यानंच बांधलाय. मी मात्र कारखान्यांवरून नेते. तिथे पाळी सुटली की गाड्या हलत नाहीत. तेवढाच आईला मुलगा जास्त मिळतो. आणि पाण्याच्या टाकीपाशी वळलं की आमचं घर. दर खेपेला आई विचारते, "पाच मिनिटं आत येतोस?" दादा घड्याळ बघतो. मग मीच म्हणते, "पुढच्या वेळी नक्की येईल गं." शेजारणींना आई सांगते, "त्याला वेळ कुठे असतो!"

यंदा डॉक्टरांनी सांगितलंय, आईची नजर फार दिवस टिकायची नाही. "एकदा त्याला खिडकीशी बसवून नीट बघायचंय," ती मला म्हणाली होती. मागच्या सीटवरून तिला दिसते ती त्याची मान. तीही कापून घेतलेल्या केसांची, महागडी.

"तुझ्या रस्त्यावर माझा विश्वास नाही," असं म्हणत दादानं स्वतःचा फोन गाडीला जोडला. नकाशातली बाई स्पीकरवर बोलायला लागली. तिनं सांगितलेली वळणं सोडून मी तिला दोनदा खोटं पाडलं.

"कुठून नेतेस ही वरात?"

"तू चालव मग."

"इकडची गाडी मला झेपत नाही." हेही मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

टाकी दिसायला लागली. आईनं घसा साफ केला. "येतोस का रे पाच मिनिटं?"

"आई, अगं विमान चुकेल. एक एक मिनिट मोजून आलोय."

तेवढ्यात नकाशातली बाई थांबली आणि त्याच गोड आवाजात त्याला आलेला निरोप वाचायला लागली, "आपलं विमान चार तास उशिरा सुटेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

दादानं फोनवर अशी झडप घातली जणू तो पेटलाय. क्षमा मागणारी गाडीत तेवढी एकच बाई होती.

"ते... म्हणजे विमानतळावर आत जाऊन बसायची सोय असते. कामंही आहेत. मेल वगैरे."

मी घराकडे वळायचा दिवा लावला. तरी सवयीनं माझ्या तोंडात आलंच होतं, पुढच्या वेळी नक्की येईल. आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दिवा बंद कर, चिमे. आणि आता जवळच्या रस्त्यानं घे."

मी आरशात पाहिलं. ती त्याच्या मानेकडे बघतही नव्हती.

"याला वेळ नाही असं कधी नव्हतंच," ती म्हणाली. "याला आपण नको आहोत."