आत नेलेला पातेरा

पडीक इमारतीचा फोटो कसा काढावा हे शिकवायला पुण्याहून सुजय नावाचे एक गुरू पूर्णगडच्या अलीकडे आमच्या गावात आले. सोबत शिष्यगण, आणि प्रत्येकाच्या गळ्यात लोढण्यासारखा कॅमेरा. पडीक इमारत म्हणून त्यांनी आमची शाळा निवडली होती.

शाळा पडीक नव्हती, बंद होती. कोकणात निम्मी घरं बंद असतात, म्हणून ती काही पडीक होत नाहीत. पण हे पुण्यात कोण सांगणार? पोरं उरली नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागलं होतं. आता काही कुटुंबं मुंबई सोडून परत आली होती, त्यांत आमची सून दीपाली आणि माझी दोन नातवंडं. मुलगा जहाजावर असतो. दीपालीने स्पष्ट सांगितलं होतं, जूनमध्ये शाळा उघडली तर राहीन, नाहीतर पोरांना घेऊन विरारला परत जाईन. शाळा वापरण्याजोगी आहे का ते बघायला सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. म्हणून शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून वर्ग झाडले, फळा काळा केला आणि पातेरा, म्हणजे आवारातली वाळकी पानं, भाजावळीसाठी मागे ढीग करून ठेवला. पेरणीआधी जमीन भाजायला तो लागतो.

रविवारी गुरू आले. चावी उपसरपंच महिपतकडे. कॅमेरा दिसला की त्याची मान आपोआप ताठ होते, त्यामुळे चावी लगेच मिळाली. गुरूंनी पायरीवर बसून उपदेश केला, मी आवाराच्या दगडी गडग्यावर बसून ऐकला. ऊन तिरकं असतानाच फोटो काढा. आत काळोख असेल तर तिपाई लावा. दाराच्या चौकटीतून पलीकडची खिडकी पकडा. आणि पहिला नियम, जे जसं आहे तसं राहू द्या, कशाला हात लावू नका. मला हे पटलं. एवढं शहाणपण पुण्याहून फुकटात आलं याचं मला नवलच वाटलं.

थोड्या वेळाने बघतो तर शिष्य टोपल्यांत पातेरा भरताहेत. मला वाटलं, राहिलेली झाडलोट करताहेत बिचारे. पातेरा बाहेरून आत नेणारं माणूस आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही. घरी जाऊन मी दीपालीला म्हटलंसुद्धा, शहरातली माणसं वाटतात तेवढी निकामी नसतात हो.

सोमवारी साहेब वेळेआधीच हजर. महिपतने दार उघडलं. वर्गात घोट्यापर्यंत पातेरा, बाक उलथे आणि फळ्याखाली हात तुटलेली एक बाहुली. ती बाहुली तर आमच्या गावातली नव्हतीच. गुरूंनी ती पुण्याहून आणली असावी. मी साहेबांना सगळं सांगितलं. मागचा ढीग दाखवायला नेलं, तर ढीग नव्हता, कारण ढीग आत होता.

साहेब हसले. "तपासणीआधी केर काढणारे खूप बघितलेत, आजोबा. केर भरणारे पहिल्यांदाच ऐकतोय."

मग त्यांनी मोबाईलवर एक फोटो काढला. त्यांना कसलाच उपदेश लागला नाही.

इमारत वापरात नाही, असा शेरा पडला. पोरांनी खाडीपलीकडच्या शाळेत जायचं ठरलं. दीपाली भांडली नाही, सरळ कपडे पिशव्यांत भरायला लागली. भांडली असती तर मी समजूत तरी काढली असती. शेवटी ती म्हणाली, "आबा, तुम्ही पण चला. एकटे हितं काय करनार?" मी हो म्हटलं. नातवंडांशिवाय त्या घरात मला राहवलं नसतं.

सुजयच्या फोटोला म्हणे बक्षीस लागलं. फोटोचं नाव, 'इथे आता कुणी येत नाही'. निघायच्या दिवशी महिपतकडून नंबर घेऊन त्याने मला फोन केला. गावाचे आभार मानले आणि विचारलं, अशी आणखी एखादी जागा आहे का तिकडे. मी तेव्हा घराला कुलूप लावत होतो.

"आहे ना," मी म्हटलं, "आमचं घर. दोन-चार वर्षांनी या. पातेरा मात्र भरू नका, तोवर तो आपसूकच आत आलेला असेल."