भुंग्याचा दम

भरमूचा आवाज गेला तेव्हा सगळं गाव हळहळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भरमूला काही विचारायचंच गावानं सोडून दिलं.

आवाज होताच तसा हळहळण्यासारखा. उचगावच्या कबड्डी संघातून भरमू चढाईला निघाला की त्याचं 'कबड्डी कबड्डी' पार वेशीपर्यंत ऐकू जायचं. एका दमात तो समोरच्या सगळ्यांना पिदवून परत यायचा. पण जन्मभर विड्या ओढल्या आणि घसा बिघडला. मिरजेला मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाजाची पेटी काढून टाकावी लागली. आता भरमू गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचा. भोकावर मलमलीचा रुमाल बांधलेला असायचा. ओठ हलायचे, जीभ हलायची, पण शब्द काही ऐकू यायचा नाही.

त्याच्या वतीनं बोलायचं काम बायकोनं, अक्काताईनं अंगावर घेतलं. बाईनं नवऱ्याचं सगळं केलं, दवाखान्यात उशाशी बसून राहिली, त्यात तिला नाव ठेवायला जागा नाही. पण बोलण्याची हौस तिला मुळातच दांडगी, आणि आता तर दोघांचं बोलायचं! भरमूनं नुसती मान हलवली की ती सुरू व्हायची, "ह्येनी म्हणत्यात..." आणि त्या एवढ्याशा मानेतून इतकं काही बाहेर पडायचं की खुद्द भरमूच कान टवकारून बसायचा, आपण पुढं काय म्हणतोय ते ऐकायला.

इथवर सगळं गमतीचंच होतं. घोटाळा झाला तो पिठल्यावरून.

भरमूची थोरली बहीण राजाबाई गावातच वरच्या गल्लीत दिलेली. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं, तो तिला आक्का म्हणायचा. भाऊ दवाखान्यातून परत आला म्हणून तिनं दोघांना जेवायला बोलावलं, त्याच्या आवडीचं पिठलं केलं, आणि पळी घेऊन पुन्हा वाढायला आली. भरमूचं पोट भरलं होतं. त्यानं ताटावर आडवा हात धरला.

"ह्येनी म्हणत्यात," अक्काताई म्हणाली, "पिठलं खारट झालंय."

राजाबाईचा हात पळीसकट तसाच राहिला. भरमू घाबरा झाला. त्यानं दोन्ही हात हलवले, मान हलवली, डोळे मोठे केले. न्हाय गं आक्का, तसं न्हाय! अक्काताईनं तेवढ्याच तत्परतेनं तेही सांगून टाकलं, "लई खारट, म्हणत्यात."

त्या दिवसापासून राजाबाई भावाशी बोलेना. त्याच्या दारावरून जाताना ती पदर असा ओढून घ्यायची, जणू आत कुणी परका माणूस राहतो. भरमूला दुसरं कसलं दुःख नव्हतं. विडी सुटली, आवाज गेला, सगळं त्यानं गिळलं. आपण बोललोच नाही ते बोलणं मात्र त्याला गिळता येईना.

आणि मग गावच्या यात्रेच्या आधी काही महिने मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला परत बोलावलं आणि त्याच्या हातात ते यंत्र ठेवलं.

दिसायला विजेरीसारखं. एका टोकाला वाटोळी चकती, बाजूला बटण. चकती गळ्याला टेकवायची, बटण दाबायचं आणि तोंडानं नेहमीसारखं बोलायचं. आत भुंगा कोंडल्यासारखा घूं घूं आवाज व्हायचा आणि त्या आवाजाला ओठ-जीभ शब्दाचा आकार द्यायची. चढउतार नाही, राग नाही, लोभ नाही. सगळं एका सुरात. पण शब्द! स्वतःचे! भरमूनं पहिल्यांदा बटण दाबलं आणि म्हणाला, "च्या." एवढंच. आणि तो इतका हसला, म्हणजे खांदे हलवत, आवाजाशिवाय हसला, की डॉक्टरांना चष्मा काढून पुसावा लागला.

गावानं यंत्राचं नाव भुंगा ठेवलं. भुंग्याला ट्रान्झिस्टरचा चौकोनी सेल लागायचा आणि घरात सेल एकच, त्यामुळे एक तर भरमू बोलायचा, नाही तर रेडिओ. पोरं मागं लागायची, "अण्णा, माझं नाव घ्या की!" आणि भरमू दारात बसून अख्ख्या गल्लीची हजेरी घ्यायचा. पोरांना त्याचं बोलणं लगेच कळायला लागलं. मोठ्या माणसांना मात्र कळेना, कारण ती ऐकतच नव्हती. भुंगा वाजला रे वाजला की त्यांची मान आपोआप अक्काताईकडं वळायची.

बेळगावच्या बसमध्ये तर कमालच झाली. भरमूनं कंडक्टरला चक्क कानडीत सांगितलं, "एरडू बेळगावी." दोन तिकिटं. यंत्राला कानडी येतंय म्हटल्यावर कंडक्टर तोंडाचा आ करून बघत राहिला आणि मग अक्काताईकडं वळला, "एन अंतार इवरू?" काय म्हणतात हे?

"दोन बेळगाव, म्हणत्यात," अक्काताई म्हणाली, "आणि सुट्टं न्हाईत म्हणत्यात."

सुटे पैसे भरमूनं मुठीत तयार धरले होते.

राजाबाईकडं तो गेला नसेल असं कुणाला वाटेल. पहिल्याच दिवशी गेला होता! पायरीवर उभा राहून त्यानं गळ्याला भुंगा लावला आणि म्हणाला, "आक्का, पिठलं खारट न्हवतं." राजाबाई त्या आवाजानं दचकली आणि भरमूच्या मागं उभ्या असलेल्या भावजयीला म्हणाली, "काय म्हणतोय ह्यो?" अक्काताईला खरोखरच समेट करायचा होता. ती गोड आवाजात म्हणाली, "झालं त्ये इसरून जावा, म्हणत्यात."

म्हणजे खारट होतंच! राजाबाईनं दार लावलं. पुढं भरमू एकटाही जाऊन बघायचा, पण दारात घूं घूं झालं की ती परसात निघून जायची.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात कबड्डी ठेवली होती, म्हातारे विरुद्ध पोरं. दरवर्षी म्हातारे हरायचे आणि दरवर्षी वर्षभर सांगत फिरायचे की थोडक्यात हुकलं. पाणी मारून धूळ बसवली होती. पोरांच्या बाजूच्या शेवटच्या रेघेमागं बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पुढच्या ओळीत मधोमध राजाबाई होती, आणि तिच्यापासून चार बायका सोडून अक्काताई.

सामना सुरू व्हायच्या आधीच म्हाताऱ्यांच्या भावकूचा पाय मुरगळला. एक गडी कमी पडला. म्हाताऱ्यांचा म्होरक्या मष्णू बायकांकडं आला. भरमू हाताच्या अंतरावर उभा होता, पण मष्णूनं विचारलं अक्काताईला, "वैनी, भरमूला नुसता उभा करू काय? संख्येला?"

"ह्येनी म्हणत्यात, न्हाय जमायचं," अक्काताईनं सांगितलं.

एवढ्यात तिला रेघेपलीकडं सदरा काढलेला एक माणूस धोतराचा काचा मारताना दिसला. तो तिचाच नवरा होता.

पोरांचा कप्तान शामू शहाणा. त्यानं सगळ्यांना दम भरला, "भरमूअण्णाला हात लावायचा न्हाय. आजारी माणूस हाय." झालं! पोरं एकेका म्हाताऱ्याला उचलून बाहेर टाकायला लागली आणि भरमूला मात्र देवळातल्या समईसारखं वळसा घालून जायला लागली. बघता बघता मष्णूसुद्धा बाद झाला. मैदानात म्हाताऱ्यांचा एकटा भरमू उरला. आता चढाई त्यालाच करायची होती.

पंच होते रवळूमास्तर. ते ओशाळून म्हणाले, "भरमू, चढाईला कबड्डी म्हणावं लागतंय रं. सोडून देऊ या?"

भरमूनं कमरेचा भुंगा काढला, गळ्याला लावला आणि रेघ ओलांडली.

"कबड्डीकबड्डीकबड्डीकबड्डी..."

पटांगणात असा काही हशा उसळला की म्हशी दावणीला बिचकल्या. पोरं हसत मागं सरली. त्यांचा हिशेब साधा होता: दम कमी पडला की गड्याचा आवाज बसतो, पाय परतीला वळतात, तेव्हा झडप घालायची. ती वाट बघत राहिली. भरमू डावीकडं गेला, उजवीकडं गेला, आवाज तसाच. श्वास गळ्याच्या भोकातून आरामात चालला होता आणि कबड्डी भुंग्याकडून. त्याचा एकमेकांशी संबंधच नव्हता! भरमूच्या हे ध्यानात आलं तसा तो चक्क रमतगमत चालायला लागला. एका पोराच्या दंडाला टिचकी मारली, दुसऱ्याच्या पाठीवर थाप. तिसरा हसून हसून खाली बसला होता, त्याच्या डोक्यावर आशीर्वाद दिल्यासारखा हात ठेवला. असं करत करत त्यानं एकूण एक पोर शिवून काढलं.

"मास्तर!" शामू ओरडला. "ह्यो दम न्हाय, सेल हाय!"

"हाय खरं," रवळूमास्तर डोकं खाजवत म्हणाले. "पर कबड्डी तर म्हणतोय की त्यो. चालू दे!"

म्हातारे रेघेबाहेर नाचत होते. मष्णूनं पटका हवेत उडवला होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा जिंकायची वेळ आली होती. भरमूनं नुसतं परत फिरायचं होतं. भरमू आनंदानं पार शेवटच्या रेघेपर्यंत गेला, गिरकी घ्यायला वळला आणि समोर राजाबाई.

ती हसत होती. सगळ्या गावाबरोबर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती आपल्या भावाला हसत होती. मग तिला आठवलं की आपण रुसलोय. ती उठायला गेली, पण दोन्ही बाजूंनी बायकांची गच्च दाटी. पळायला परसच नव्हतं.

भरमू चालता चालता थांबला. तोंडात कबड्डी चालू होती. ती थांबली की तो बाद, म्हातारे हरले, आणि मष्णू पुढल्या यात्रेपर्यंत तोंड बघणार नाही. मागं शामू दबा धरून होता. भरमूला हे सगळं लख्ख दिसत होतं.

"कबड्डीकबड्डीकबड्डी... आक्का, तुझं पिठलं खारट न्हवतं."

शामूनं पायाला मिठी मारली, आता आजारीबिजारी काही न बघता, आणि भरमू बदकन मातीत बसला. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण हशा मात्र थांबला होता. भुंग्याचा शब्द न् शब्द सगळ्या पटांगणानं ऐकला होता.

राजाबाईची मान सवयीनं वळली. "काय म्हणाला गं ह्यो?"

अक्काताईनं तोंड उघडलं. "ह्येनी म्हणत्या..." आणि मातीत बसलेल्या नवऱ्याकडं तिचं लक्ष गेलं. जिंकत आलेला डाव सोडून हा बाबा एवढ्यासाठी खाली बसला होता. तिनं पदर सावरला.

"मला काय इचारता वन्सं? त्यांस्नी इचारा की."

राजाबाई भावाकडं बघत राहिली. भरमूनं पुन्हा भुंगा लावला. "मी म्हणालोच न्हवतो आक्का. हात आडवा धरला, पोट भरलंतं म्हणून."

राजाबाईचा बांध फुटला. रडं का हसू ते तिलाही कळेना. "आरं भरम्या!" ती सगळ्या गावादेखत ओरडली, "पर खारटच झालतं की रं त्ये! मीठ दोनदा पडलंतं! तुमी गेल्यावर मी चाखलं, मग लाजंनं कुटं बोलू?"

बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. "मी तवाच म्हणत न्हवते?" अक्काताई उसळून उभी राहिली, पण तिचं कोण ऐकतंय!

"रातच्याला जेवायला येतोस?" राजाबाईनं विचारलं, भावाच्या डोळ्यांत बघून. आणि थांबली, उत्तराची वाट बघत.

भरमूनं चकतीची माती धोतराला पुसली, ती सावकाश गळ्याला टेकवली.

"येतो," भुंगा म्हणाला. "पर मीठ बेतानं टाक."